वाटाण्याएवढं

किसुमूला, कोंडेलेच्या चौकात माझं औषधांचं दुकान.
एका अंगाला टायरवाला,
दुसऱ्या अंगाला ओमेना मासळीच्या टोपल्या.
संध्याकाळी गिऱ्हाईक पांगलं तशी अविनो आत आली,
शाळेच्या स्वेटरची कॉलर हनुवटीपर्यंत ओढून.
एवढ्या उकाड्यात.

"धाकट्या बहिणीसाठी हवंय," म्हणाली.
अशा बहिणी मी पुष्कळ पाहिल्यात.
मलाही एक होती, सोळाव्या वर्षी.

बहिणीने आजवर काय काय लावलं?
लिंबू. टूथपेस्ट. कपड्यांचा साबण, दिवसातून पाचदा.
मग दप्तरातून एक डबी निघाली.
झाकणावर हसणारी गोरी बाई.
घटक नाहीत, तारीख नाही, करणाऱ्याचं नाव नाही.
"पहिले दहा दिवस आरसा माझ्याशी बरा वागला."
बहीण एव्हाना विरघळून गेली होती.

डबीत काय आहे, वासावरून कळत नाही.
पण तिचं गोड बोलणं ओळखीचं आहे.
आत स्टेरॉइड असलं की लाली गप्प बसते,
कातडी विरत जाते, फार धुतलेल्या चादरीसारखी,
आणि लावणं थांबवलं की
दाबून ठेवलेलं सगळं एकदम वर येतं.

"मी घाण आहे का?"
हे तिने टायरवाल्याच्या दुकानाकडे बघत विचारलं.

नाही गं.
केसाच्या मुळाशी एक अरुंद बोळ असते,
तिच्यातून त्वचेचं तेल बाहेर येतं.
वयात येताना तेल वाढतं,
मेलेल्या पेशी बोळीच्या तोंडाशी अडकतात,
आतले जंतू मातब्बर होतात,
आणि तुझंच रक्त त्यांच्याशी भांडायला धावतं.
ते भांडण गालावर दिसतं, एवढंच.
साबणाने भांडणं मिटत असती
तर आमच्या गल्लीत
एव्हाना सगळे एकमेकांशी बोलत असते.

ती हसली नाही. मीही दुसऱ्यांदा प्रयत्न केला नाही.

त्या दिवशी मी तिला औषध विकलं नाही.
बिनवासाचं सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर,
आणि कागदावर पत्ता:
गुरुवारी सरकारी दवाखाना, डॉक्टर नासिमियु.
डबी सोबत ने, म्हटलं. टाकू नकोस, लपवू नकोस.
गल्ल्यात त्या संध्याकाळी फार काही पडलं नाही.

दोन-तीन गुरुवार गेले, मग ती चिठ्ठी घेऊन आली.
बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल, अडीच टक्के.
"रात्री, कोरड्या चेहऱ्यावर.
सुरुवातीला एक दिवसाआड.
सगळ्या चेहऱ्याला मिळून वाटाण्याएवढं."
"ओमेनाच्या डोळ्याएवढं?"
"त्याहून मोठं."
"न्गेगे माशाच्या?"
आम्ही बराच वेळ माशांचे डोळे मोजत बसलो.
सकाळी सनस्क्रीन, हे दोनदा सांगितलं.
विषुववृत्त इथून हाकेच्या अंतरावर,
आणि शनिवारी ती आईबरोबर तळ्याकाठी मासे विकते.

तिसऱ्या आठवड्यात तणतणत आली.
नाकाच्या कडेला पापुद्रे,
उशीच्या निळ्या अभ्र्यावर पांढरे डाग,
आईच्या शिव्या,
आणि पुटकुळ्या होत्या तिथेच.
अभ्रा पांढरा घे, मी म्हटलं.
हे सांगायचं मी विसरले होते, चूक माझी.
जेल दोन दिवस थांबव, मॉइश्चरायझर वाढव,
मग पुन्हा, थोडं थोडं.
फार आग झाली तर डॉक्टरकडे, माझ्याकडे नाही.
"किती दिवस?"
बारा आठवडे धरून चाल.
काळे डाग त्याहून सावकाश जातात.

ती माझ्या डाव्या गालाकडे बघत होती.
तिथे तीन खड्डे आहेत.
पुटकुळ्यांनी नाही, माझ्या नखांनी पाडलेले,
वसतिगृहाच्या न्हाणीघरात, दार लावून.
"ते जातील?"
हे नाही जाणार.
तिने हात खिशात घातले.

काल ती टायरवाल्याकडे सायकल घेऊन आली होती.
स्वेटर हँडलला बांधलेला.
पंक्चर कुणी केलं यावरून
त्याच्याशी मोठमोठ्याने हुज्जत घालत होती,
भर उन्हात, सगळा चेहरा उघडा.
हनुवटीवर दोन नव्या पुटकुळ्या.
हातांना वंगण लागलेलं,
पण वंगणाचा एक डागही
त्या बाजूला गेलेला नव्हता.